साडेतीन हजारांचा पाणी सर्व्हे: नान्नजच्या रानातला अनुभव, पाचपैकी तीन तारे

आधी व्यवहाराचं सांगतो. बोअर कुठं मारायची हे मशीननं बघायची फी साडेतीन हजार, वर पेट्रोलचे तीनशे. त्यात दोन लाइनी, प्रत्येक लाइनीवर दोन-दोन मीटरवर वीस ठिकाणं, आणि जागेवरच मोबाइलवर रंगीत आलेख. सर्व्हेची पोरं दहाला येतो म्हणाली, साडेदहाला आली. आमच्या सोलापुरात ह्याला वेळेवरच म्हणतात. बोलायला गोड, काम चटपटीत. पहिल्या दिवसाच्या कामाला माझे दोन तारे. तिसरा तारा धंद्याच्या मालकाला, तो का ते पुढं येईलच. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्यांच्याबद्दल नाही. हीच मोजायची पेटी घेऊन फिरणारे जिल्ह्यात डझनानं आहेत आणि बहुतेकांची पद्धत सारखीच आहे.

मी सोलापुरात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. जमिनीतलं मला फार कळत नाही, आकड्यांतलं थोडं कळतं. धाकट्या भावाची नान्नजच्या बाजूला साडेचार एकर द्राक्षबाग आहे. दोन बोअर कोरड्या गेल्या, विहीर संक्रांतीलाच तळ दाखवायला लागली. गावच्या पाणाड्यानं नारळ तळहातावर घेऊन रान पालथं घातलं, एका ठिकाणी नारळ उभा राहिला, तिथं दगड ठेवला. पुतण्या म्हणाला, "काका, आता मशीननं बघू. सायन्स आहे." गड्ड्याची यात्रा उरकल्यावरच्या आठवड्यात सर्व्हे ठरला. मला खरं तर हुरड्याचं आमंत्रण होतं, सर्व्हे त्यात फुकट मिळाला.

पेटी जेवणाच्या डब्यापेक्षा जरा मोठी. दोन पितळी खुंट्या दहा मीटर अंतरानं जमिनीत ठोकायच्या, मध्ये वायर, बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात रीडिंग. मग खुंट्या दोन मीटर पुढं. वीस ठिकाणं झाली की मशीन स्वतःच निळा-पिवळा-लाल नकाशा काढतं. निळं म्हणजे पाणी, लाल म्हणजे काळा पाषाण, असं पोरांनी भावाला सांगितलं. जमिनीत करंट सोडत नाहीत, हे खरं आहे. पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सतत हलत असतं. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्यामुळं संथ हालचाल होते, आणि जगात कुठं ना कुठं कडाडणाऱ्या विजांमुळं जलद. त्या हालचालीनं जमिनीत आपोआप बारीक प्रवाह उठतात. ओल्या, भेगाळलेल्या खडकात व्होल्टेज कमी, घट्ट कोरड्या खडकात जास्त. तिखोनोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञानं १९५० मध्ये आणि कान्यार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९५३ मध्ये ह्यातून जमिनीचा विद्युतरोध, म्हणजे ती विजेला किती अडवते ते, काढण्याची रीत मांडली. मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात ती हीच. म्हणजे पेटीमागचा विचार भोंदू नाही. अडचण पुढं आहे.

पहिल्या लाइनीवर तेराव्या ठिकाणी गडद निळा डाग आला. पोरगा भावाला म्हणाला, "मालक, इथं मारा. दोन इंची पाणी लागतंय बघा." भाऊ लगेच कुंकू आणायला निघाला. मी म्हणालो, थांब जरा, इथंच परत घेऊ. पोरगा म्हणाला, "सर, मशीन एकदाच घेतं." मी म्हटलं, मशीनला हुरडा खायला बसवू, पण घेईल. पुतण्यानं स्वतः बटण दाबलं. पहिलं धरून नऊ रीडिंग झाली, ती कागदावर लिहून ठेवली आहेत: ०.१२, ०.४२, ०.४४, ०.४१, ०.४३, ०.४२, ०.४५, ०.४०, ०.४३.

पहिलंच वेगळं आहे हे पोरालाही दिसलं. एक खुंटी काळ्या भेगाळ मातीत सैल बसली होती. वाकून बघताना कुणाचा तरी पाय लागला आणि ती घट्ट झाली. पण गंमत पुढं आहे. पोरगा हुशार, म्हणाला, "सर, सरासरी काढतो की मग." नऊंची सरासरी ०.३९. शेजारच्या ठिकाणांपेक्षा जराशी कमी, म्हणजे नकाशात फिकट निळं. खोट्या रीडिंगचा रंग उतरला, पण डाग राहिलाच. मध्यक काढला, म्हणजे चढत्या क्रमानं लावून मधलं घेतलं, तर ०.४२. डाग गेला.

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला, माफ करा. आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ह्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं की सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांच्या पलीकडचं रीडिंग टाकून द्यावं. ह्या नऊ आकड्यांचं प्रमाण विचलन ०.१० येतं, आणि ०.१२ हे सरासरीपासून २.६ विचलनं दूर. म्हणजे नियमानं ते निर्दोष सुटलं! कारण त्या एका आकड्यानंच विचलन फुगवून ठेवलंय. चोरानंच पंचनामा लिहावा तसं. आणि नऊच रीडिंग असतील तर कुठलंही रीडिंग कितीही खोटं असलं तरी तीन विचलनांच्या बाहेर जाऊच शकत नाही. नऊंसाठी कमाल मर्यादा आठ भागिले तीन, म्हणजे २.६७. निदान अकरा रीडिंग असल्याशिवाय तो नियम कुणालाच पकडत नाही. त्यापेक्षा मध्यकापासूनचे फरक घ्या आणि त्या फरकांचा पुन्हा मध्यक काढा. इथं तो ०.०१ आला. त्याला १.४८ नं गुणलं की नेहमीच्या विचलनाच्या तोलाचा आकडा मिळतो, ०.०१५. ह्या मापानं ०.१२ हे वीस मापं लांब बसलंय. आता सांगा सुटतंय का.

ह्या सगळ्याला रोबस्ट संख्याशास्त्र म्हणतात. हात वर केलेल्या प्रत्येकाचं ऐकायचं, पण एकट्यानं ओरडून सभा उधळली असं होऊ द्यायचं नाही. सरासरीला बिघडवायला एक आकडा पुरतो. मध्यकाला बिघडवायला निम्मे आकडे फितूर व्हावे लागतात. ह्यूबर ह्या संख्याशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये मधला मार्ग काढला: बाकीच्यांशी जुळणाऱ्या रीडिंगला पूर्ण वजन, ठरावीक हद्दीपलीकडं जाईल तसं वजन कमी. मग नव्या वजनांनी पुन्हा हिशेब, पुन्हा वजनं, आकडा ठरेपर्यंत.

दुसऱ्या लाइनीची कथा आणखी भारी. आठ ठिकाणं शांतपणे झाली, ०.३५ ते ०.४५ च्या आत. नवव्यापासून एकदम ०.८, ०.९. नकाशा लालभडक. पोरगा म्हणाला, "मालक, इथून पुढं काळा पाषाण लागतोय." मी घड्याळ बघितलं, बारा वाजून चार मिनिटं. त्या आठवड्यात शेतीच्या लाईटची पाळी दुपारी बाराची होती. ज्यांची शेती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येकाच्या मोटारीला ऑटो बसवलेला, लाईट आली की सगळं शिवार एका दमात घुमायला लागतं. बांधापलीकडची साडेसात एचपीची मोटार तर नवव्या खुंटीपासून पंचवीस पावलांवर. पाषाण काही नवव्या खुंटीपाशी सुरू झाला नव्हता, बारा वाजता सुरू झाला होता. खात्रीसाठी मागं तिसऱ्या ठिकाणी जायला लावलं. तिथं मघाशी ०.३८ होतं, आता ०.८१.

आता इथं मध्यक काय करणार? काहीच नाही. बारानंतरचं प्रत्येक रीडिंग तितकंच फुगलेलं. सगळी सभाच एका सुरात खोटं बोलायला लागली की मधला माणूसही खोटाच निघतो. मला ह्या सर्व्हेबद्दल मुख्य म्हणायचं आहे ते हे की, ही पेटी फक्त जमिनीतलं व्होल्टेज मोजते. ते व्होल्टेज वाढलं तर जमीन बदलली की वरचं क्षेत्र बदललं, हे तिला कळायला मार्गच नाही. खऱ्या मॅग्नेटोटेल्युरिकमध्ये व्होल्टेजच्या जोडीला चुंबकीय क्षेत्रही त्याच क्षणी मोजतात आणि दोघांचं नातं काढतात. क्षेत्र दुप्पट झालं तर व्होल्टेज दुप्पट होतं, पण गुणोत्तर तेच राहतं. जमिनीची खबर त्या गुणोत्तरात असते. पेटीला चुंबकीय बाजूच नाही. एका हातानं टाळी वाजवायचा प्रकार.

ह्या भानगडीत मी पूर्वी एकदा पडलो होतो. भूगर्भशास्त्रातला एक मित्र मोजलेला डेटा घेऊन माझ्याकडं आला होता, सरळ लीस्ट स्क्वेअर (बिंदूंमधून रेषा बसवायची नेहमीची रीत) लावला तर विद्युतरोध दर फ्रिक्वेन्सीला उड्या मारतोय म्हणून. तेव्हा थोडं वाचलं. एग्बर्ट आणि बुकर ह्यांनी १९८६ मध्ये ह्यूबरसारखी वजनं ह्या कामाला जुंपली. शेव्ह, थॉमसन आणि अँडर ह्यांनी १९८७ मध्ये तेच आणखी पुढं नेलं. त्याआधी १९७९ मध्ये गॅम्बल, गोबू आणि क्लार्क ह्यांनी वेगळीच युक्ती काढली होती: लांबवर दुसरं चुंबकीय यंत्र ठेवा. आकाशातून आलेली हालचाल दोन्हीकडं सारखी दिसते, पण इथल्या मोटारीचा गोंधळ तिथं नसतो, तिथल्याचा इथं नसतो. दोन्हीकडं जे जुळतं तेवढंच धरायचं. ह्याला रिमोट रेफरन्स म्हणतात.

आणि रोबस्ट म्हणजे सगळं बरं झालं असंही नाही. तागडीचा दांडा आठवा. मध्याजवळ ठेवलेलं नाणं काही करत नाही, तेच टोकाला ठेवलं की दांडा झुकतो. चुंबकीय बाजूला अचानक प्रचंड मोठा झटका नोंदला गेला तर तो बिंदू दांड्याच्या टोकाला बसतो आणि सगळी रेषा स्वतःकडं ओढून घेतो. रेषाच त्याच्याजवळून गेल्यावर त्याचा फरक लहान दिसतो आणि ह्यूबरचं वजन त्याला सज्जन समजतं. शेव्ह आणि थॉमसन ह्यांनी २००४ मध्ये ह्या टोकाला बसणाऱ्यांचाही बंदोबस्त केला. उलटं दुखणंही आहे. चुंबकीय वादळाच्या दिवशीची मोठी हालचाल कधी कधी सगळ्यात स्वच्छ सिग्नल असते. मोठं दिसलं की कापा, असं केलं तर चांगलं पीकच तणाबरोबर उपटलं जातं.

विजेच्या तारांच्या गोंधळाच्या भीतीनं वेधशाळा उठवावी लागली, हे आपल्याकडचंच उदाहरण आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर काम अलिबागला हलवलं, १९०४ मध्ये. मला आवडतं ते हे की लगेच कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडं एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुना आकडा नव्याशी जोडता यावा. घोड्यांच्या ट्रामच्या गावात बसून त्यांनी हा विचार केला होता. आम्ही नान्नजच्या रानात फीडरचं, म्हणजे शेतीच्या लाईटचं, वेळापत्रकही विचारलं नाही. आणि आपला जिल्हा विजेच्या बाबतीत काही साधासुधा नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी जोडली गेली ती ७६५ केव्हीच्या रायचूर-सोलापूर लाइननं. पन्नास हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला, दीडशेचा, अडीचशेचा गुंजारव रानात कुठंही खुंटी ठोका, भेटतोच.

असो. मी सर्व्हेच्या त्याच संध्याकाळी धंद्याच्या मालकाला फोन केला. नकाशाचं चित्र नको, कच्चे आकडे द्या म्हणालो. पहिले दोन दिवस "पाठवतो की सर" झालं. तिसऱ्यांदा विचारल्यावर व्हॉट्सअॅपवर फाइल आली. फाइल बघून मीच त्याला पाषाणाची वेळ सांगितली. इथं त्यानं मन जिंकलं. वाद घातला नाही, "सर, मग कसं करायचं सांगा" म्हणाला. दोन आठवड्यांनी स्वतः आला, फक्त डिझेलचे पाचशे घेतले, आणि जुनी एक पेटी पडून होती तीही घेऊन आला.

पहाटे पावणेसहाला सुरुवात केली. त्या आठवड्यात लाईट सकाळी दहाची होती, तेवढं वायरमनला विचारून ठेवलं होतं. थंडी अशी की खुंटी धरवत नव्हती. जुनी पेटी लिंबाखाली एकाच जागी ठेवली, तिथं पुतण्या. आम्ही लाइनीवर. मी "हां" म्हटलं की दोघांनी एकदम बटण दाबायचं. प्रत्येक ठिकाणी सात वेळा. खुंटीच्या बुडाला मिठाचं पाणी. फिरत्या पेटीचा आकडा भागिले लिंबाखालचा आकडा, आणि सात गुणोत्तरांचा मध्यक. हे काही खरं रिमोट रेफरन्स नाही, चुंबकीय बाजू अजूनही नाहीच, पण आभाळाची चढउतार तरी भागाकारात निघून जाते. आणि ती होती. सूर्य वर आल्यावर लिंबाखालचा आकडा जवळपास एक तृतीयांशानं उतरला. खुंट्या तिथंच, जमीन तीच! दुसरी पेटी नसती तर त्या वेळी आम्ही ज्या ठिकाणी होतो तिथं नकाशानं पाणी दाखवलं असतं.

नऊच्या सुमाराला संपलं. भावजयीनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही बांधावरच पाठवलं. तेव्हाच कागदावर हिशेब केला. तेरावं ठिकाण सपाट. दुसऱ्या लाइनीचा पाषाण गायब. दुसऱ्याच लाइनीवर पाच ते सात ह्या तीन ठिकाणी गुणोत्तर बाकीच्यांच्या दोन तृतीयांश, आणि साताच्या साती वेळा तसंच. ही जागा ओढ्याच्या जुन्या वळणाजवळ. सहाव्यावर मारली.

नव्वद फुटांवर गेरूचा थर लागला. एकशेसाठला पाणी. तीनशेला थांबवली. पाऊण इंच. दोन इंची नाही, पण द्राक्षाला टँकर लावायची वेळ टळली.

पेटीनं मात्र ह्याच जागी पाणी ६३ ते ७० मीटरवर, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली दाखवलं होतं. नकाशावरच्या खोलीवर विश्वास ठेवू नका, ह्याचं कारण साधं आहे. पेटी खोली काढते ती लाटेच्या फ्रिक्वेन्सीवरून, पण कुठली फ्रिक्वेन्सी किती खोल जाते हे जमिनीच्या विद्युतरोधावर ठरतं. रोध भागिले फ्रिक्वेन्सी, त्याचं वर्गमूळ, गुणिले ५०३, इतके मीटर. चारशे हर्ट्झची लाट पंचवीस ओहम-मीटरच्या ओलसर मुरमात सव्वाशे मीटरला विरते, चारशे ओहम-मीटरच्या घट्ट पाषाणात पाचशे मीटरपर्यंत जाते. पेटीला रोध माहीत नसतो, म्हणून ती आत भरलेला एकच तक्ता सगळ्या महाराष्ट्राला लावते. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. विसर्जन करून आम्ही नुकते झोपलो होतो, घरातली भांडी फळीवरून खाली आली होती. त्यानंतर त्या भागात खरी मॅग्नेटोटेल्युरिक पाहणी झाली, खोल बोअरही घेतली. तिथं काळ्या खडकाची जाडी सुमारे ३४० मीटर निघाली. त्या यंत्रांना चुंबकीय कॉइली असतात आणि एकेका ठिकाणी तासन् तास, कधी दिवसन् दिवस मोजतात. अर्ध्या मिनिटाच्या बटणाकडून तीच अपेक्षा धरणं म्हणजे नाडी बघून चष्म्याचा नंबर विचारण्यासारखं.

तर बोलावायचं असेल तर माझ्या अटींवर बोलवा. लाईट नसताना या म्हणा. प्रत्येक ठिकाणी निदान पाच वेळा घ्या म्हणा, सरासरी नको, मध्यक. लाइनीवरून परत येताना दोन-तीन ठिकाणं पुन्हा घ्या. दुसरी पेटी असेल तर बेसला ठेवा. कच्चे आकडे आधीच कबूल करून घ्या, चित्रावर पैसे देऊ नका. ह्यातलं काहीच जमत नाही म्हणाले तर साडेतीन हजारांत केसिंगचा एखादा पाइप येईल, तो घ्या.

एक गोष्ट लपवत नाही. बोअर लागली त्या जागेपासून चार पावलांवर पाणाड्याचा दगड होता. नारळ तिथंच उभा राहिला होता. मी भावाला समजावलं की एका बोअरवरून ना पेटी सिद्ध होते, ना नारळ, ना माझा मध्यक; ओढ्याचं वळण बघून कुणीही तिथंच बोट ठेवलं असतं. भाऊ म्हणाला, "दादा, खरं आहे तुझं," आणि पाणाड्याला धोतरजोडी व अकराशे रुपये देऊन आला. मालकाला द्राक्षाची पेटी गेली. मला काही नाही. मालक मात्र आता मोहोळ, माढ्याकडच्या फाइली आधी मला पाठवतो. मागच्या रविवारी एकीत बरोबर दहा वाजता पाषाण सुरू झालेला होता.